‘हलक्या मिश्रधातूचा पत्रा’: कोणते शब्द वापरावेत?

प्रश्न

आयटीआयमध्ये पत्राकाम शिकणाऱ्या मुलांसाठी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे पत्रे कसे तयार होतात यावर मराठीत पुस्तिका लिहिते आहे. तीन ठिकाणी अडले. ‘लाइट अलॉय शीट’ला ‘हलक्या मिश्रधातूचा पत्रा’ चालेल का? ‘रोलिंग’साठी ‘लाटणे’ फार स्वयंपाकघरातलं वाटतं का? आणि ‘एज हार्डनिंग’, म्हणजे वेळ जाईल तसा धातू आपोआप कडक होणं? मी ‘वयकठिनीकरण’ असा शब्द जुळवलाय, पण तो मलाच उच्चारवत नाही.

उत्तर

‘हलका’ नको. दुकानात जाऊन ‘हलका पत्रा द्या’ म्हणा, दुकानदार स्वस्तातला, कमी प्रतीचा काढून देईल. ‘वजनाला हलका’ असं पूर्ण लिहा. आकडाही द्या: एक घनसेंटिमीटर पोलाद साधारण 7.85 ग्रॅम भरतं, ॲल्युमिनियम 2.7 आणि मॅग्नेशियम 1.74.

आपल्याकडे धातूत दुसरा धातू मिसळला की पहिला शब्द आठवतो तो ‘हीण’. सोन्यात हीण, त्यावरून हिणकस. इथे उलटं आहे. शुद्ध ॲल्युमिनियमचा पत्रा मऊ. त्यात चारेक टक्के तांबं आणि थोडं मॅग्नेशियम गेलं की तो विमानाला चालतो. म्हणून ‘मिश्रधातू’ हाच शब्द ठेवा, तिथे तडजोड नको.

उत्तर

‘लाटणे’ बिनधास्त वापरा. ती उपमा नाहीच, क्रिया तीच आहे: दोन रुळांमधून दाबून पातळ करणं. सुरुवातीच्या ओतीव ठोकळ्याला ‘लगड’ म्हणा, सोन्याची लगड म्हणतो तसं. ही लगड सुमारे अर्धा मीटर जाड असते. तिचा वरचा खडबडीत थर तासून काढतात, ती तापवतात, आधी गरम लाटतात, मग थंड.

मुलांना एक फरक मात्र सांगाच. पोळी आपण फिरवून फिरवून लाटतो म्हणून ती गोल वाढते. पत्रा कायम एकाच दिशेनं लाटला जातो, त्यामुळे धातूचे कण त्या दिशेला लांबतात. वाकवताना घडीची रेघ लाटण्याच्या दिशेला आडवी ठेवावी; त्या दिशेला समांतर घडी घातली तर बाहेरच्या बाजूनं तडा जाण्याची भीती जास्त. हे एका वाक्यात सांगायला ‘लाटणे’पेक्षा चांगला शब्द मला सापडत नाही.

जाडीचं थोडक्यात: 6 मिलिमीटरच्या वर प्लेट, त्याखाली पत्रा, 0.2 मिलिमीटरच्या खाली फॉइल. फॉइलला ‘वर्ख’ म्हणू नये असं माझं मत, कारण चांदीचा वर्ख ठोकून करतात, फॉइल लाटून. शब्द मात्र सख्खे आहेत. ‘पत्रा’ संस्कृतातल्या पत्रावरून आला, ‘वर्ख’ अरबी वरकवरून, आणि दोन्हींचा मूळ अर्थ झाडाचं पान.

उत्तर

तिसऱ्या शब्दासाठीच लिहायला बसलो. ‘वयकठिनीकरण’ कृपा करून टाकू नका. मराठीत यासाठी क्रियापद आहे: मुरणे.

1906 साली बर्लिनजवळ आल्फ्रेड विल्म हा धातुशास्त्रज्ञ ॲल्युमिनियम, तांबं आणि मॅग्नेशियमच्या मिश्रधातूवर काम करत होता. तुकडा तापवून पाण्यात विझवला, कडकपणा मोजला, काही विशेष नाही. सुट्टीनंतर पुन्हा मोजला तर तो कितीतरी कडक झालेला! मधल्या काळात कोणी हात लावला नव्हता. यातून ड्युरॅल्युमिन हा मिश्रधातू आला, आणि 1919 मध्ये युंकर्स एफ 13 हे प्रवासी विमान त्याच पत्र्यानं मढवलं गेलं. तोही पन्हळी पत्रा, आपल्या छपरावर असतो तसा!

‘पाणी देणे’ हा शब्द इथे फसवतो, हे ठळक लिहा. तापवलेल्या पोलादी विळ्याला पाणी दिलं की तो तिथल्या तिथे कडक होतो. हा पत्रा सुमारे 495 अंशांवरून पाण्यात गेला की आधी मऊच राहतो. तेवढ्या वेळात वाकवून घ्यायचा. विरघळलेलं तांबं पुढच्या तीन-चार दिवसांत आतल्या आत बारीक पुंजके करून बसतं आणि पत्रा कडक होतो. विमानाचे काही रिव्हेट म्हणूनच विझवल्यावर शीतपेटीत ठेवतात. गारठ्यात मुरणं जवळजवळ थांबतं. बाहेर काढले की थोड्याच मिनिटांत ठोकावे लागतात.

पुन्हा प्रश्न

‘मुरणे’ फार आवडला. पण लोणचं मुरलं की फोड मऊ होते, पत्रा तर कडक होतो. मुलं गोंधळणार नाहीत?

उत्तर

मुरण्याचा गाभा मऊ होणं हा नाहीच. आतलं आत भिनून, वेळ जाऊन वस्तू तयार होणं, हा आहे. मुरलेला गवई मऊ नसतो. बांधकामाचा चुना मुरवतात तो पुढे दगड धरून ठेवावा म्हणूनच. वेळ लागणं, हात न लावणं आणि बदल आतून होणं, तिन्ही गोष्टी त्या एका शब्दात आल्या.

पुण्याच्या तांबट आळीतल्या मठारकामाशी याची गल्लत मात्र होऊ देऊ नका. तिथे तांबं कडक होतं ते हातोडीच्या ठोक्यांनी. त्याला ‘मठारणे’ हा नेमका शब्द आहेच.

प्रश्न विचारणारी

पुस्तिकेत आता असं लिहिलंय: “वजनाला हलक्या मिश्रधातूची लगड आधी गरम, मग थंड लाटून पत्रा करतात. ड्युरॅल्युमिनसारखा पत्रा तापवून पाण्यात विझवला की लगेच वाकवून घ्यावा आणि मग चार दिवस मुरू द्यावा.”