'बेघर' आणि 'भिकारी': फरक काय?

शब्दवेडी: पुलाखाली राहणाऱ्या कुटुंबांवरून आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'भिकाऱ्यांना हटवा' असा मेसेज फिरतोय. त्यातली एक बाई गजरे विकते, तिचा नवरा मजूर नाक्यावर उभा असतो. भीक कोणीच मागत नाही. मग यांना म्हणायचं काय? बेघर, निराधार की फुटपाथवासी?

परळकर: बेघर. 'निराधार'मध्ये माणसाला कोणाचा आधार नाही असं येतं. इथे नवरा-बायको दोघं कमावतात, नाही ते घर. 2011च्या जनगणनेत अशांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या रात्री झाली. फुटपाथ, फलाट, पुलाखाली, मोठ्या पाइपांत झोपलेले मिळून देशात सुमारे 17.7 लाख.

जुनाजाणता: घोळ सोसायटीने घातलेला नाही, तो कायद्यातच आहे. 1959चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा वाचा. पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि माणूस रस्त्यावर अशा अवस्थेत आहे की भिकेवर जगत असावा असं वाटावं, एवढ्यावर तो भिकारी ठरतो. वाटणार कोणाला, तर पोलिसाला! वॉरंटही लागत नाही. गाणं, नाच, भविष्य सांगणं, वस्तू विकायचा बहाणा, हेही त्यात धरलंय. म्हणजे तुमची गजरेवालीसुद्धा सापडू शकते. दिल्लीपुरती यातली बरीच कलमं तिथल्या उच्च न्यायालयाने 2018मध्ये रद्द केली. महाराष्ट्रात कायदा आहेच.

मुक्ताई: मागण्यातही आपण प्रतवारी लावतो. मुंजीत बटूने 'भवति भिक्षां देहि' म्हटलं की ती भिक्षा, आणि तिचे फोटो निघतात. माधुकरी मागून शिकलेल्या आजोबांचा घरात अभिमान असतो. देवीच्या नावाने मागितला तर जोगवा. सिग्नलला हात पुढे आला की मात्र भीक, आणि काच वर. मागणारा कोण आहे ते पाहून आपण शब्द काढतो.

स्पष्टवक्ता: ठीक आहे, पण फुटपाथ चालण्यासाठी असतो. कर आम्ही भरतो. अतिक्रमणाला अतिक्रमणच म्हणणार.

जुनाजाणता: ओल्गा टेलिस खटल्यात (1985) सर्वोच्च न्यायालयानेही फुटपाथवर राहण्याचा हक्क दिलेला नाही. पण पोट भरण्याचं साधन हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि हटवण्याआधी म्हणणं ऐकायला हवं, हेही त्याच निकालात आहे. आणि कर म्हणाल, तर गजरेवालीही साबण-बिस्किटावर भरतेच. शिवाय त्याच फुटपाथवर चढवलेल्या गाडीला तुमच्या ग्रुपवर काय म्हणतात? 'पार्किंगची अडचण'.

शब्दवेडी: अगदी हेच म्हणतात! ग्रुपवर मी 'पुलाखालची कुटुंबं' असं लिहून पाहते. त्यांच्यासाठी 'रात्रनिवारा' शोधावा, असंही सुचवणार होते. हा शब्द चालेल?

परळकर: नुसतं 'निवारा' लिहा. शहरी बेघरांसाठीच्या सरकारी योजनेत लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही चोवीस तास उघडा, असं धरलं होतं. 'रात्र' जोडली की सकाळी सहाला बाहेर काढायची सोय होते.