मदत हवी आहे : नवीन जोडलेल्या संगणकावर लॅन केबलने वेग ९४ एमबीपीएसच्या पुढे जात नाही

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात सुटे भाग आणून मी स्वतः एक संगणक जोडला. रायझेन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम आणि विंडोज ११ अशी रचना असून मदरबोर्डवर २.५ गिगाबिटचा (१ गिगाबिट म्हणजे १००० मेगाबिट) लॅन पोर्ट आहे. त्याच आठवड्यात घरातील फायबर जोडणीचा प्लॅनही १०० एमबीपीएसवरून (सेकंदाला मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) ३०० वर नेला. दोन्ही गोष्टी एकदम करायला नको होत्या, कारण आता दोष नेमका कोणाचा हे ठरवता येईनासे झाले आहे.

अडचण अशी आहे की हॉलमध्ये राउटरजवळ बसून लॅपटॉपवर वायफायने मोजणी केली तर २८० च्या आसपास वेग मिळतो, मात्र आतल्या खोलीतील नव्या संगणकाला भिंतीतील सॉकेटमधून केबल जोडली असूनही आकडा ९४ वर येऊन थांबतो. सकाळी मोजा, रात्री मोजा, ९४ च. मोठी फाइल उतरवताना सेकंदाला साडेअकरा मेगाबाइटच्या वर काही जात नाही. जोडणी तुटत नाही, पिंगही (प्रतिसाद यायला लागणारा वेळ) स्थिर आहे. म्हणजे तक्रार म्हणावी तर तेवढ्या एका आकड्याचीच आहे.

आतापर्यंत केलेले प्रयत्न सांगतो. विंडोजने आपणहून टाकलेला लॅनचा ड्रायव्हर काढून मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरील ताजा ड्रायव्हर टाकला आणि बायोसही (मदरबोर्डमधील मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केले. मदरबोर्डसोबत आलेले, खेळांना इंटरनेटचा अग्रक्रम देणारे सॉफ्टवेअर काढून टाकले. अडॅप्टरच्या प्रगत सेटिंगमधील ‘ग्रीन इथरनेट’ आणि ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ हे वीज वाचवणारे दोन्ही पर्याय बंद केले. राउटरचा पोर्ट बदलला आणि सॉकेटपासून संगणकापर्यंतची पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेली छोटी केबल) नवी आणली. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहिले, तिथेही तोच आकडा आला.

अडॅप्टरच्या ‘स्टेटस’ खिडकीत वेग १०० एमबीपीएस असा दिसतो. ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ या पर्यायात ऑटो काढून १ गिगाबिट निवडले, तर जोडणीच नाहीशी होते आणि पुन्हा ऑटो केले की १०० वर परत येते. भिंतीतील केबल बरी असावी असे मी धरून चाललो आहे, कारण तिच्या आवरणावर ‘कॅट ५ई’ (गिगाबिटला चालणारी केबलची प्रत) असे स्पष्ट छापलेले आहे आणि जुना संगणक याच सॉकेटवर सहा वर्षे विनातक्रार चालला. मदरबोर्डवरील लॅनची चिपच सदोष असावी, असा माझा संशय आहे. दुकानदाराकडे बदलून मागण्याची मुदत संपायला नऊ दिवस उरले आहेत आणि मदरबोर्ड काढायचा म्हणजे सगळा संगणक उसवावा लागेल. म्हणून त्याआधी आपला सल्ला हवा आहे.

प्रतिसाद १

मदरबोर्ड काढू नका. आपल्याला मिळणारा ९४ हा आकडाच पुष्कळ काही सांगतो. केबलवरून माहिती तुकड्यातुकड्यांनी जाते; अशा प्रत्येक पूर्ण चौकटीला (फ्रेमला) एकूण १५३८ बाइटांची जागा लागते आणि त्यातील जास्तीत जास्त १४६० बाइट आपल्या कामाचे असतात, त्यामुळे १०० ची जोडणी काठोकाठ भरून वाहिली तरी मोजणी ९४-९५ वरच थांबते. म्हणजे आपली जोडणी मंद नाही. १०० ची जोडणी जेवढे देऊ शकते तेवढे ती देत आहे. प्रश्न एवढाच, की ती १०० वर का अडली.

१०० च्या जोडणीला आठपैकी चारच तारा पुरतात : १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या. गिगाबिटला मात्र आठही लागतात. या तारा जोडीजोडीने असतात; त्यांतील एखादी जोडी तुटलेली असेल किंवा जोडलेलीच नसेल, तर दोन्ही बाजूंची उपकरणे मुकाट्याने १०० वर उतरतात; आणि आपण जबरदस्तीने गिगाबिट लावले की जोडणी जुळतच नाही. आपण वर्णन केलेले लक्षण नेमके हेच आहे. आवरणावरचे ‘कॅट ५ई’ आत आठ तारा असल्याची ग्वाही देते, त्या आठही जोडल्या आहेत याची नाही. जुना संगणक १०० च्या प्लॅनवर होता, त्यामुळे ९४ मिळत असताना तक्रार करण्याचे कारणच नव्हते.

संगणक उचलून हॉलमध्ये न्या आणि पॅच कॉर्डने थेट राउटरला लावा. तिथे १ गिगाबिट दिसले, तर लॅनची चिप निर्दोष आहे. मग सॉकेटची पट्टी उघडून तारा मोजा.

प्रतिसाद २

पाच-सहाशे रुपयांचे वेगळे लॅन कार्ड बसवून मोकळे व्हावे, असे मला वाटते.

प्रतिसाद ३ (प्रतिसाद १ चे लेखक)

केबलच अर्धी असेल तर नवे कार्डही १०० वरच बसेल.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

कंबर सांभाळत कॅबिनेट हॉलमध्ये नेले. तीच पॅच कॉर्ड, तोच संगणक, आणि ‘स्टेटस’मध्ये १.० गिगाबिट. मोजणी २९१.

नंतर सॉकेटची पट्टी उघडली. नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या खाचांत दाबलेल्या होत्या. निळी आणि तपकिरी जोडी आवरणाभोवती मागे गुंडाळून ठेवलेली होती. राउटरमागे पाहिले तेव्हा उलगडा झाला : भिंतीतून आलेल्या एकाच केबलच्या टोकाला दोन प्लग लावलेले होते. सदनिकेचे वायरिंग झाले तेव्हा इलेक्ट्रिशियनने एका केबलवर दोन खोल्यांचे सॉकेट चालवले होते. नारिंगी-हिरवी माझ्या खोलीत, आणि निळी-तपकिरी मधल्या, मुलीच्या खोलीच्या डब्यात कापून तिथल्या सॉकेटला. त्या काळी १०० च्या जोडणीला ते पुरतही होते, म्हणून त्याला फार बोल लावत नाही; पण एक शब्द सांगायला हवा होता. गेली सहा वर्षे ते दोन प्लग माझ्या डोळ्यांसमोर होते, ही गोष्ट वेगळी.

आता प्रश्न असा, की आठही तारा माझ्याकडे घेतल्या तर मुलीच्या खोलीतील सॉकेट बंद पडेल. नवी केबल ओढणे अपरिहार्य आहे का?

प्रतिसाद ४ (प्रतिसाद १ चे लेखक)

नाही. मधल्या डब्यात केबल पूर्ण कापा. राउटरकडून आलेल्या आठ तारा एका जॅकला आणि आपल्या खोलीकडे जाणाऱ्या आठ तारा दुसऱ्या जॅकला, सर्व ठिकाणी एकच रंगक्रम ठेवून जोडा. राउटरकडच्या टोकाला आठ तारांचा एकच प्लग लावा. दोन्ही जॅक पाच पोर्टच्या लहान गिगाबिट स्विचला (एका केबलवरून अनेक उपकरणांना जोडणी देणारी डबी) जोडा आणि मुलीचा संगणकही त्यालाच लावा. प्रगत सेटिंगमध्ये ऑटो पुन्हा चालू केल्याची खात्री करा.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

तसेच केले. डब्यात केबल जेमतेम दोन बोटे सुटी होती, त्यामुळे दुसरा जॅक बसवताना घाम फुटला; पण आता दोन्ही खोल्यांत १.० गिगाबिट दिसते आणि माझ्याकडे मोजणी २८८ ते २९२ येते. पहिल्या रात्री अकरा वाजता जोडणी एकदम गेली, तेव्हा धडकी भरली होती. मुलीने झोपण्यापूर्वी सवयीने भिंतीवरचे बटण बंद केले होते, आणि स्विचचा अडॅप्टर त्याच बटणावर आहे. तिथे आता चिठ्ठी चिकटवली आहे. सर्वांचे मनःपूर्वक आभार; मदरबोर्ड दुकानदाराकडे गेला नाही.