अस्तर जाड झालंय, डॉक्टर मिरेना म्हणतात, घरचे म्हणतात पिशवीच काढ

नाशिकची_मी:
नमस्कार, वय ४४, दोन मुलं. गेलं वर्षभर पाळी आली की थांबायचं नावच नाही, गाठी पडतात, हिमोग्लोबिन ८ वर आलंय. सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर जाड दिसलं म्हणून क्युरेटिंग करून बायोप्सीला पाठवलं, रिपोर्टमध्ये हायपरप्लेशिया विदाउट अटिपिया असं आलंय. मॅडम म्हणतात मिरेना बसवू, ते तांबीसारखं पिशवीत बसवायचं साधन. सासूबाई आणि नणंदेचं एकच, मुलं झालीत ना मग पिशवी काढून मोकळी हो, उद्या कॅन्सर झाला तर? मला ऑपरेशन नकोय पण कॅन्सर म्हटलं की झोप उडते. आणि मिरेना तर मूल नको म्हणून बसवतात ना, ती यावर कशी चालते?

सिस्टर_पुणे:
ताई, मी गायनॅक वॉर्डला काम करते. हायपरप्लेशिया म्हणजे अस्तर जास्त वाढणं, आणि अटिपिया म्हणजे त्यातल्या पेशींचं रूप बिघडणं. तुमच्या रिपोर्टमधलं 'विदाउट अटिपिया', म्हणजे पेशी बिघडलेल्या नाहीत, हेच सगळ्यात महत्त्वाचं. अटिपिया नसेल तर कॅन्सरकडे जायचा धोका २० वर्षांत ५ टक्क्यांपेक्षाही कमी असतो, आणि ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१६ मध्ये जे मार्गदर्शन काढलं त्यात पहिला उपाय मिरेनासारखं साधनच सांगितलंय. चाळिशीनंतर, किंवा पीसीओएस नाहीतर वजन जास्त असेल तर, दर महिन्याला अंडं सुटत नाही मग अस्तराला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन हार्मोन तयार होत नाही आणि इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन एकटंच अस्तर वाढवत बसतं. मिरेनात ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखंच हार्मोन, असतं, सुरुवातीला रोज साधारण २० मायक्रोग्रॅम थेट पिशवीच्या आत सुटतं, त्याने अस्तर पातळ होत जातं. गोळ्याही आहेत पण त्या रोज न चुकता घ्याव्या लागतात आणि मिरेनाएवढा गुण येत नाही.

मधुरा_ठाणे:
मी बसवलीय, याच कारणासाठी. पहिले काही महिने थोडं थोडं अंगावर जातच राहिलं, रोज पॅड, वैताग आला होता आणि काढून टाका म्हणायला निघालेच होते, डॉक्टरांनी धीर धरा सांगितलं. आता पाळी जवळपास बंद आहे आणि बायोप्सी नॉर्मल आली. पण ताई एक सांगते, रक्त थांबलं म्हणजे बरं झालं असं समजून तपासणी सोडू नका, दर सहा महिन्यांनी बायोप्सी, लागोपाठ दोन नॉर्मल येईपर्यंत तरी.

वाचक_बीड:
पिशवी काढून मोकळी हो हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या किती तरुण बायकांच्या पिशव्या काढल्या ते २०१९ ला सगळ्या महाराष्ट्राने वाचलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. गरज असेल तर जरूर काढावी, माझ्या बहिणीला अटिपिया निघालं तेव्हा तिची काढलीच आणि ते बरोबरच होतं कारण त्यात कॅन्सर लपलेला असू शकतो. पण तुमचा रिपोर्ट तसा नाही. सासूबाईंना एकदा मॅडमसमोर बसवा, त्यांच्याच तोंडून ऐकू दे.

नाशिकची_मी:
खूप धीर आला सगळ्यांमुळे. सोमवारी सासूबाईंना घेऊनच जाते. एकच विचारायचं राहिलं, सहा महिन्यांनी बायोप्सीला मिरेना काढावी लागते का?

सिस्टर_पुणे:
नाही ताई, आत असतानाच बारीक नळीने नमुना घेता येतो. आणि लोहाच्या गोळ्या आत्ताच सुरू करा, ८ हिमोग्लोबिन घेऊन फिरू नका.