वीजजोडणी नसलेल्या घरगुती कार्यशाळेसाठी सौर ऊर्जा की जनरेटर?

प्रश्न

घरालगतच्या शेडमध्ये लाकूडकामाची छोटी कार्यशाळा उभारत आहे. तेथे वीजजोडणी नाही आणि ती मिळण्याची शक्यताही नाही. दीड अश्वशक्तीच्या सिंगल फेज मोटरची टेबल सॉ, ड्रिल, ग्राइंडर, लहान कॉम्प्रेसर आणि दिवे एवढाच पसारा असून वेल्डिंग क्वचितच करावे लागेल. यंत्रे दिवसाकाठी जेमतेम दोन तास चालतील. सॉ सुमारे १,५०० वॅट घेत असल्याने सौर पॅनेल, बॅटरी आणि ३ केव्हीएचा इन्व्हर्टर पुरेल, असा माझा अंदाज आहे. तो बरोबर आहे का, की सरळ डिझेल जनरेटर घ्यावा?

पहिले उत्तर

आपला आकडा यंत्र चालू असतानाचा आहे. अडचण ते सुरू होताना येते. सॉला असते तशी इंडक्शन (कार्बन ब्रश नसलेली) मोटर सुरुवातीला नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते, म्हणजे आपल्या सॉसाठी क्षणभर ८ ते १० केव्हीए लागतील. ट्रान्सफॉर्मर असलेला चांगला इन्व्हर्टर काही सेकंद दुप्पट भार सोसतो, तरीही मोटर नुसती घुमते, दिवे मंदावतात आणि ओव्हरलोड दाखवून सारे बंद पडते. ड्रिल आणि ग्राइंडर कार्बन ब्रशचे असल्याने त्यांची चिंता नसावी. कॉम्प्रेसर मात्र तपासा: तो थांबताच ‘फुस्स’ असा आवाज आला, तर अनलोडर व्हॉल्व्ह (अडकलेला दाब सोडणारी झडप) काम करतो आहे, अन्यथा दाबाविरुद्ध पुन्हा सुरू होताना तो सॉइतकाच छळेल.

मोठा इन्व्हर्टर घेण्यापेक्षा सॉला तीन फेजची मोटर बसवून ती व्हीएफडीवर (व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग नियंत्रित करणारे उपकरण) चालवावी, असे माझे मत आहे. व्हीएफडी सिंगल फेज घेऊन तीन फेज देते आणि वेग सावकाश वाढवते, त्यामुळे सुरुवातीचा धक्का उरतच नाही. तिच्या पंख्यात भुसा जाणार नाही, अशी जागा तेवढी निवडा.

दुसरे उत्तर

वरील मताशी सहमत आहे. बॅटरीसंच ४८ व्होल्टचा ठेवा, कारण ३,००० वॅटसाठी १२ व्होल्टवर २५० अँपिअर वाहतात, तर ४८ व्होल्टवर साधारण ६३. केबलची जाडी आणि लग (केबलच्या टोकाची धातूची जोडणी) तापण्याचा धोका दोन्ही त्यावर ठरतात. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास लवकर खराब होते, लिथियम आयर्न फॉस्फेट ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते. मात्र शून्य अंशाखालील थंडीत ती चार्ज करू नये. कापणीचे काम भर दुपारी उरकले, तर बरीचशी वीज थेट पॅनेलकडूनच मिळेल.

तिसरे उत्तर

जनरेटर अगदीच बाद करू नका. वेल्डिंगसाठी आणि सलग ढगाळ दिवसांसाठी तो हवाच. मात्र केवळ दिवे आणि ड्रिलसाठी तो तासन्‌तास चालवू नये, कारण हलक्या भारावर डिझेल इंजिन पुरेसे तापत नाही आणि अर्धवट जळलेले इंधन धुराड्यात काजळी होऊन साचते. तो सुरू करालच, तेव्हा चार्जर लावून बॅटरीही भरून घ्या. जनरेटर शेडच्या बाहेर, दारे-खिडक्यांपासून दूर ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.