सूर्यप्रकाश ४ टक्के घटवून तापमान जुळतं, मग पाऊस का जुळत नाही?

कोरडवाहू:
जिओमिपच्या (सूर्यप्रकाश कमी करून पृथ्वी गार ठेवण्याच्या उपायांची हवामान-प्रतिरूपांमध्ये तुलना करणारा प्रकल्प) जी१ या संगणकीय प्रयोगाचा डेटा तपासतोय. कार्बन डायऑक्साइड एकदम चौपट, आणि तापवाढ भरून काढायला सौर स्थिरांक (पृथ्वीपर्यंत पोचणाऱ्या सूर्यप्रकाशाची तीव्रता) साधारण ४ टक्के कमी. पहिली १० वर्षं सोडून ११ ते ५० ची सरासरी घेतली. तापमान औद्योगिकीकरणापूर्वीच्या पातळीला आलं, पण जागतिक पाऊस ४.५ टक्क्यांच्या आसपास घटलेला दिसतो. पाऊस ८६,४०० ने (दिवसाचे सेकंद) गुणून मिमी प्रतिदिन केलाय, ध्रुवाकडचे चौकोन लहान असतात म्हणून अक्षांशाच्या कोसाइनचं वजनही दिलंय. गणितात काही चुकतंय का?

बाष्पगणित:
चूक नाही. फक्त तुलना नियंत्रण-धावेशी (औद्योगिकीकरणापूर्वीचा कार्बन आणि पूर्ण सूर्यप्रकाश ठेवून चालवलेलं प्रतिरूप) केलीय ना, ते बघा. नुसत्या चौपट कार्बनच्या धावेशी केली तर घट कितीतरी मोठी दिसते, आणि ही गफलत फार जण करतात.

पाऊस घटण्याचं कारण असं, की इथे ऊर्जेचे दोन हिशोब आहेत. तापमान ठरतं वातावरणाच्या माथ्यावरच्या हिशोबाने, आणि तो तुम्ही जुळवलात. पाऊस ठरतो हवेच्या स्वतःच्या हिशोबाने: वाफेचं पाणी होताना सुटलेली उष्णता हवेला बाहेर फेकता आली पाहिजे. चौपट कार्बन डायऑक्साइड अजून हवेतच आहे, तो हे फेकणं अडवतो. उलट प्रकाशातली घट मुख्यतः पृष्ठभागाला बसते. पृथ्वीवर चौरस मीटरला सरासरी पडणाऱ्या ३४० वॉट सूर्यप्रकाशाचे ४ टक्के, त्यातले ७० टक्के शोषले जाणारे, म्हणजे चौरस मीटरला ९.५ वॉट; त्यातले दोन तृतीयांश पृष्ठभागाचे. ही तूट बरीचशी बाष्पीभवनातून वसूल होते.

पडताळा सोपा आहे. १ मिमी प्रतिदिन पाऊस म्हणजे चौरस मीटरला २९ वॉट सुप्त उष्णता. जागतिक सरासरी २.९ मिमीचे ४.५ टक्के म्हणजे ०.१३ मिमी, म्हणजे ३.८ वॉट. बाष्पीभवनाच्या सुप्त उष्णतेत जवळपास इतकीच घट सापडली पाहिजे. नाही सापडली तर एककात किंवा वजनात घोळ आहे.

उत्तरायण:
जागतिक सरासरीवर थांबू नका. जी१ मध्ये उष्णकटिबंध साधारण ०.३ अंशांनी गार राहतो आणि ध्रुवप्रदेश ०.८ अंशांनी गरम. ध्रुवीय रात्रीत कमी करायला ऊनच नसतं, कार्बन मात्र बारा महिने चोवीस तास काम करतो. मान्सूनसाठी जून ते सप्टेंबर आणि प्रतिरूपाच्या जाळीतले फक्त जमिनीचे चौकोन घ्या, समुद्र मिसळलात की जमिनीवरचा फरक झाकला जातो.

दुसरं, सौर स्थिरांक कमी करणं म्हणजे पृथ्वी गार करायला वरच्या हवेत गंधकाची फवारणी करणं नव्हे. १९९१ च्या पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकाने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला आणि पृथ्वी अर्धा अंश गार झाली; पण त्यातून बनलेल्या कणांनी स्थितांबराचा (ढगांच्या वरचा, ओझोन असलेला हवेचा थर) खालचा भाग तापवला, ओझोन घटवला. जी१ मध्ये यातलं काहीच नाही. फवारा एकाच गोलार्धात मारला तर पर्जन्यपट्टा सरकतो. फक्त उत्तरेत मारल्यास साहेलमध्ये (आफ्रिकेतला सहाराच्या दक्षिणेचा पट्टा) दुष्काळ पडतो, असं प्रतिरूपं दाखवतात.

कोरडवाहू:
तुलना नियंत्रण-धावेशीच आहे. मग प्रकाश जरा कमी घटवून पाऊस जुळवता येईल का?

बाष्पगणित:
सरासरी जुळेल. बाला आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या शोधनिबंधात पाऊस अंशामागे कार्बनच्या तापवाढीने १.५ टक्के आणि सौर बदलाने २.४ टक्के बदलतो. १.५ भागिले २.४, म्हणजे तापवाढीच्या ६२ टक्क्यांचीच भरपाई करायची. ४ ऐवजी अडीच टक्के घट. पण मग ३८ टक्के तापवाढ अंगावर राहते. तापमान आणि पाऊस दोन्ही एकाच खुंटीने पिळता येत नाहीत, आणि प्रदेशवार पाऊस तर यातही जुळत नाही. समुद्राची आम्लता जशीच्या तशी राहते, ते वेगळंच.

पुढे जी२ ची, म्हणजे याच मालिकेतल्या दुसऱ्या प्रयोगाची, धाव जरूर लावा. तिथे ५० वर्षांनी प्रकाश पूर्ववत करतात आणि तापमान उसळतं. त्या वर्षापासून पुढची दहा वर्षं वार्षिक सरासरीने काढा, दशकाच्या सरासरीत ती उसळी सपाट होऊन जाते.