एका हंगामात सर्वाधिक ट्रिपल (एकाच फटक्यावर तिसरा बेस गाठणं) कोणाचे?

फोंडेकर: व्यावसायिक बेसबॉलमधला हा विक्रम कोणाचा? फोंड्यातल्या आमच्या मुलांचा जोरदार फटकाही दुसऱ्या बेसवरच का अडकतो?

म्हापसेकर: अमेरिकेतल्या अव्वल मेजर लीगमध्ये चीफ विल्सन, पिट्सबर्ग पायरेट्स संघ, 1912, 36 ट्रिपल. घरचं मैदान फोर्ब्स फील्ड प्रचंड होतं. चेंडू क्षेत्ररक्षकांमागे गेला की घरंगळतच राही. आता कुंपणं जवळ आलीत, म्हणून मला 2007 मधले कर्टिस ग्रँडरसनचे 23 फार मोलाचे वाटतात.

डिचोलीकर: फोंडेकरबाब, तिसऱ्या बेसपर्यंत 270 फूट. मुलं पहिल्या बेसकडे सरळ धावतात, मग वळण रुंद पडतं. बेसआधीच थोडं बाहेर जाऊन आतल्या कोपऱ्यावर पाय टेकवायला सांगा. चेंडू उजवीकडे मागे असेल तर वळून बघू नये, तिसऱ्या बेसच्या कोचकडे बघावं.