थंडरबर्ड 350 चा पिकअप वाढवायचाय, बजेट 8 हजार. सल्ला हवा

टिळकनगरी (इंदूर)
नमस्कार मंडळी. गाडी रॉयल एनफील्डची थंडरबर्ड 350, मॉडेल 2013, कार्ब्युरेटरवाली. गावात काही तक्रार नाही, पलासिया ते राजवाडा मजेत फिरते. पण आम्ही दोघं अधूनमधून ओंकारेश्वरला जातो. येताना बडवाह, चोरल सोडून भेरूघाट लागला की गाडी धापा टाकायला लागते. स्पीड पन्नासवरून घसरत चाळीसच्या खाली, मागे डंपरवाला हॉर्नवर बसलेला, आणि मागच्या सीटवरून बायको विचारते, "मी उतरू का?"
डोक्यात तीन गोष्टी आहेत: फ्री-फ्लो (धूर मोकळा सोडणारा) सायलेन्सर, मोठा एअर फिल्टर, नाहीतर स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र). बजेट 8 हजार, ताणून 9. गाडी विकायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

राजवाडा_रायडर (इंदूर)
विकून टाका. सुपर मीटिऑर 650 घ्या. 648 सीसी, 47 पीएस, 52 न्यूटन मीटर टॉर्क (फिरवायची ओढ). मी घेतली तेव्हापासून भेरूघाट कधी आला नि कधी गेला कळतच नाही.

टिळकनगरी
भिया, आठ हजार म्हटलंय, आठ लाख नाही.

राजवाडा_रायडर
ईएमआय नावाची गोष्ट असते.

लष्करकर (ग्वाल्हेर)
सायलेन्सरच्या भानगडीत पडू नका. माझ्याकडे हीच गाडी होती. लोकल बनावटीचा फ्री-फ्लो लावला. पहिले चार दिवस खूश, कारण आवाज वाढला की आपल्याला वाटतं गाडी पळायला लागली. मग घड्याळ लावून बघितलं तर फरक शून्य, उलट खालच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाचे फेरे कमी असताना) ओढ कमीच झाली. थ्रॉटल सोडला की फाट-फाट. मिक्स्चर लीन झालं होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. मेन जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची तोटी) एक नंबर मोठा टाकावा लागला, मग अ‍ॅव्हरेज गेलं. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात लीन चाललेल्या एअरकूल्ड इंजिनावर मांडी ठेवून बघा कधी.

सुरसागर (बडोदा)
ज्याला खरी ताकद हवी त्याने बोअर (सिलिंडरचा व्यास) मोठा करावा, बाकी सगळी रंगरंगोटी. माझ्या 350 ला मोठा सिलिंडर, मोठा पिस्टन बसवलाय. पावागडला माचीपर्यंत डबलसीट टॉप गिअरवर चढते. खर्च विचारू नका, हौसेला मोल नसतं.

कलम_बावन्न (इंदूर)
खर्च नाही विचारत, आरसी विचारतो. सीसी वाढवून आरटीओत नोंद केलीत का? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलात असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर 182अ लागतं: प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सायलेन्सरच्या आवाजाला 190(2) वेगळं, पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड आणि लायसन्स तीन महिने बाद. धागाकर्त्याचं अख्खं बजेट एका चौकात जाईल.

सुरसागर
आमच्याकडे कोणी विचारत नाही.

कलम_बावन्न
इन्शुरन्सवाला विचारेल. क्लेमच्या दिवशी.

मीनाक्षी_५६ (इंदूर)
होंडा हायनेस बघा. मी चालवते. 30 न्यूटन मीटर, तेही 3000 आरपीएमला. तुमच्या थंडरबर्डचे 28 येतात ते 4000 ला. क्रूझरसारखी आरामात चालवायची तर टॉर्क खालीच मिळायला हवा.

राजवाडा_रायडर
हायनेस क्रूझर नाही, रोडस्टर आहे.

मीनाक्षी_५६
थंडरबर्ड तरी कुठली क्रूझर? हँडल उंच केलं, मागे टेकायला दिलं, की झाली का क्रूझर? खरी क्रूझर म्हणजे अ‍ॅव्हेंजर, पाय पुढे.

अ‍ॅव्हेंजरवाला_देवास
धन्यवाद ताई, कोणीतरी नाव काढलं. माझी 220 आहे. 19 बीएचपी, गाडी तुमच्यापेक्षा बरीच हलकी, भेरूघाटात बुलेटवाल्यांना हात दाखवून पुढे जातो.

जुना_इंजिनवाला (इंदूर)
जरा थांबा सगळे. आधी हिशेब करू.
गाडी 192 किलो. दोघं आणि बॅगा धरून एकूण 350 किलो म्हणू. चढ 15 मीटरला 1 मीटर धरा, स्पीड ताशी 50. नुसतं वर चढायला लागते साधारण सव्वाचार हॉर्सपॉवर. वाऱ्याला आणि टायरच्या घर्षणाला आणखी अडीच-तीन. म्हणजे चाकाशी सात. तुमच्या इंजिनाची 19.8 आहे. दुपटीहून जास्त ताकद हाताशी असताना गाडी रडत असेल तर ताकद विकत आणायची गरज नाही, असलेली कुठे जातेय ते शोधायचं.
दोन शक्यता. पहिली, तुम्ही गिअर चुकीचा धरताय. 19.8 येते ती 5250 आरपीएमला. टॉपमध्ये आरपीएम 2000 ला पडले तर 25 न्यूटन मीटर टॉर्क मिळूनही हातात सातच हॉर्सपॉवर, त्यातली थोडी चेन नि गिअरबॉक्स खाणार. म्हणून स्पीड घसरत जातो. तिसरा गिअर टाका, 3500 च्या वर फिरू द्या. ह्या इंजिनाचा टॉर्क वरपर्यंत जवळजवळ सपाट आहे, 4000 ला 28 आणि 5250 ला सुद्धा 27 च्या आसपास. फिरवायला घाबरू नका.
दुसरी, क्लच घसरतोय. चाचणी फुकट आहे. मोकळा रस्ता बघून चौथ्या गिअरमध्ये पन्नासला चालवा आणि थ्रॉटल एकदम पूर्ण उघडा. टॅकोमीटरचा काटा उडी मारतोय आणि स्पीडोमीटर जागेवर, असं झालं तर क्लच.
स्प्रॉकेटबद्दल: पुढचा एक दात कमी केला की चाकावरचा टॉर्क पाच ते सात टक्के वाढतो, खर्च हजाराच्या घरात. इंजिनाची ताकद तेवढीच राहते, आणि हायवेवर तेवढेच टक्के आरपीएम जास्त. दोघांनी घाट चढणाऱ्याला तोच एक बदल मी सांगेन, पण क्लच बघून झाल्यावर.

मुकाम_पोस्ट_महू
टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) सेट करून घ्या. टॅपेट टाइट असले की दम जातो. आमच्याकडचा मिस्त्री शंभर रुपयांत करतो.

जुना_इंजिनवाला
ह्या यूसीई (क्लच-गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत. सेटिंग असतच नाही, ऑइलच्या दाबावर आपोआप होतं.

मुकाम_पोस्ट_महू
मिस्त्री तर दर वेळी करून देतो.

जुना_इंजिनवाला
शंभर रुपये घेतो, एवढं नक्की करतो.

लष्करकर
😂

नर्मदाकाठ (इंदूर)
पेट्रोल बदला. मी शंभर ऑक्टेनवालं भरतो, महाग आहे पण गाडी लोण्यासारखी. इरिडियम प्लगही टाका. थंडरबर्डला दोन प्लग आहेत, दोन्ही बदलावे लागतात हे लक्षात ठेवा.

जुना_इंजिनवाला
ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल अवेळी पेटू नये म्हणून तो आकडा असतो. ह्या इंजिनाचं कॉम्प्रेशन 8.5 ला 1, म्हणजे कमीच, साध्या पेट्रोलवरही नॉक होत नाही. आणि इरिडियम प्लग टिकतात जास्त, ओढत नाहीत जास्त.

नर्मदाकाठ
मला फरक जाणवतो. मी स्वतः चालवतो.

शिवाजीनगर_ते_शिर्डी
क्लच बघा असं कोणी सांगितलं नाही का अजून? मला तर वाचताच वाटलं. माझ्या मेव्हण्याने कारचं उरलेलं ऑइल बाइकमध्ये ओतलं होतं. कारच्या ऑइलमध्ये घसरण वाढवणारी रसायनं असतात आणि बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला. प्लेटा सुटायला लागल्या. डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (अशा बुडालेल्या क्लचच्या बाइकसाठीची खूण) लिहिलेलं बघून घ्या, जाडी 15डब्ल्यू-50.

टिळकनगरी
काका (जुना इंजिनवाला), काल सकाळी बायपासला करून बघितलं. काटा 3000 वरून एकदम 4500, गाडी जैसे थे. दोनदा केलं, दोन्ही वेळा तसंच. तिसऱ्या गिअरमध्ये कमी होतं पण होतं. शिवाय क्लचचा लिव्हर अगदी ताठ आहे, मोकळा खेळ नाहीच. मी समजत होतो ते चांगलं असतं.

जुना_इंजिनवाला
केबल कायम ओढलेली म्हणजे क्लच कायम अर्धवट दाबलेला. लिव्हरच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर तरी मोकळं हवं. आता प्लेटा जळल्या असतील. उघडल्यावर काळ्यानिळ्या दिसल्या तर लोखंडी प्लेटाही बदला, नुसत्या कॉर्कच्या नको. स्प्रिंगांची लांबीही मोजायला सांगा. आणि सेंटर स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवून बघा, ब्रेक पॅड घासत असेल तर तीही गळतीच.

सुरसागर
क्लच उघडताच आहात तर हेवी ड्यूटी टाका, पुढेमागे बोअर मोठा केलात तर उपयोगी पडेल.

कलम_बावन्न
ह्यांना कोणी आवरा.

मीनाक्षी_५६
इंजिनवाले काकांना +1. फक्त एक: तिसऱ्या गिअरचं तुमच्या मिसेसना आधी सांगून ठेवा, आरपीएम चढले की मागच्या फूटरेस्टला पाय झिणझिणतात. माझ्या मैत्रिणीने तेवढ्यावरून मांडूची ट्रिप मध्येच सोडून महूहून बस धरली होती.

राजवाडा_रायडर
650 मध्ये ट्विन सिलिंडर आहे. झिणझिण नाही.

टिळकनगरी
अपडेट. प्लेटांचा सेट, केबल, ऑइल, मजुरी मिळून साडेतीन हजारांत झालं. लोखंडी प्लेटा खरंच निळ्या पडल्या होत्या, एक तर हातात धरून बघितली तर जरा वाकलेली. मागचा ब्रेक किंचित घासत होता, तोही मोकळा केला. रविवारी सिमरोलपासून पुढे जाऊन घाट उतरलो आणि परत चढलो, तिसऱ्यात पंचावन्न-साठ, दोघं आणि बॅग. डंपर मागे राहिला. बायको काही बोलली नाही. आमच्याकडे हीच दाद.
आता उरलेले पैसे. स्प्रॉकेट घ्यायलाच गेलो होतो. पण दुकानात काउंटरच्या मागे एक छोटा बाटलीवाला सायलेन्सर टांगलेला होता, भाच्याने वाजवून दाखवला. घेतला. साडेचार. शिव्या द्यायच्या असतील तर आताच द्या.

लष्करकर
मी वर इतकं कशाला लिहिलं मग?

टिळकनगरी
वाचलं ना दादा. जेटही एक नंबर मोठा टाकून घेतला. तुमचाच सल्ला.

कलम_बावन्न
190(2).

जुना_इंजिनवाला
स्प्रॉकेटला हजार लागले असते. असो. प्लग काढून रंग बघत राहा, पांढरा पडला तर लीन, काळा धुरकट तर रिच. विटकरी-तपकिरी हवा. आणि ताकद वाढली असं इथे येऊन लिहू नका.

टिळकनगरी
नाही लिहीत काका. पण आवाज काय आहे!

अ‍ॅव्हेंजरवाला_देवास
स्टॉक सायलेन्सर विकणार का? माझ्या चुलतभावाच्या थंडरबर्डचा खालून सडलाय. बाराशे देतो, देवासहून येऊन घेऊन जाईन.

टिळकनगरी
नाही हो, माळ्यावर ठेवलाय. पीयूसीच्या दिवशी लागेल.